विश्लेषण : पीडितांच्या वकिलाला साक्षीदाराला प्रश्न विचारता येत नाहीत, तरी तो का हवा?

गुन्हा ज्याच्याबाबत घडला, ती व्यक्ती फौजदारी खटल्यात पक्षकार नसते. खटला सरकार विरुद्ध आरोपी असा चालतो आणि पीडित व्यक्तीला बहुतेक वेळा साक्षीदार म्हणून पुकारा होईपर्यंत बाहेरच्या बाकावर बसावे लागते. गेल्या दीड दशकात कायदा आणि न्यायालयांनी पीडितांना व साक्षीदारांना बरेच अधिकार दिले. परंतु हे अधिकार मागणारे कोणी सोबत नसेल, तर ते कागदावरच राहतात. पीडितांची व साक्षीदारांची बाजू सांभाळणाऱ्या वकिलाचे काम नेमके काय, त्याच्या मर्यादा कोणत्या आणि ते कोणत्या टप्प्यावर निर्णायक ठरते, याचा आढावा.

खटला सरकारचा, मग पीडितांचे स्थान काय?

फौजदारी गुन्हा हा समाजाविरुद्धचा गुन्हा मानला जातो. त्यामुळे तपास पोलीस करतात, खटला सरकारी वकील चालवतात. सरकारी वकील हा पीडित व्यक्तीचा वकील नसतो. तो राज्याच्या वतीने उभा असतो आणि सत्य न्यायालयासमोर मांडणे हे त्याचे कर्तव्य असते. पीडित व्यक्तीची व्याख्याही फौजदारी प्रक्रिया संहितेत नव्हती. ती २००८च्या दुरुस्तीने आली आणि ३१ डिसेंबर २००९पासून लागू झाली. याच दुरुस्तीने न्यायालयाच्या परवानगीने स्वत:चा वकील नेमण्याचा, भरपाई मागण्याचा आणि निर्दोष सुटकेविरुद्ध अपील करण्याचा अधिकार मिळाला. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने (बीएनएसएस) या तरतुदी कायम ठेवल्या. नव्या व्याख्येत आरोपीवर आरोप ठेवले गेलेले असण्याची अटही राहिलेली नाही. पालक आणि कायदेशीर वारस यांचाही पीडित या संज्ञेत समावेश आहे.

वकील नेमता येतो, पण त्याला कितपत बोलता येते?

सत्र न्यायालयात खटला सरकारी वकीलच चालवतो. बीएनएसएसच्या कलम ३३८नुसार खासगी वकिलाने सरकारी वकिलाच्या निर्देशानुसार काम करायचे असते. पुरावा संपल्यानंतर न्यायालयाच्या परवानगीने तो लेखी युक्तिवाद देऊ शकतो. जुन्या संहितेतील याच तरतुदींचा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१९मध्ये ‘रेखा मुरारका विरुद्ध पश्चिम बंगाल राज्य’ या निकालात स्पष्ट केला. पीडितांच्या वकिलाला तोंडी युक्तिवाद करता येणार नाही आणि साक्षीदारांचा तपास वा उलटतपासही घेता येणार नाही. एखादा महत्त्वाचा प्रश्न राहून गेला असे वाटल्यास त्याने तो आधी सरकारी वकिलाला सुचवावा. सरकारी वकिलाने तो घेतला नाही, तर न्यायालयाच्या निदर्शनास आणावा. न्यायालयाला योग्य वाटले, तर न्यायाधीश स्वत: तो प्रश्न विचारू शकतात.

ही मर्यादा घालण्यामागचे कारण समजून घ्यायला हवे. पीडितांच्या वकिलाला मोकळीक दिली, तर एकाच खटल्यात अभियोगाच्या दोन बाजू उभ्या राहतील आणि त्या परस्परविसंगत ठरू शकतील. सरकारी वकिलाने नि:पक्ष राहणे अपेक्षित असते; खासगी वकिलावर तसे बंधन नाही. त्यामुळे आरोपीच्या न्याय्य खटल्याच्या अधिकाराला बाधा येण्याची भीती असते. न्यायदंडाधिकाऱ्यांच्या न्यायालयात मात्र कलम ३३९नुसार परवानगी मिळाल्यास पीडितांचा वकील खटला चालवू शकतो.

विशेष सरकारी वकील म्हणजे पीडितांचा वकील का?

नाही. महाराष्ट्रात मोठा गुन्हा घडला की विशेष सरकारी वकील नेमण्याची मागणी होते. कोपर्डी खटल्यात उज्ज्वल निकम यांची अशीच नेमणूक झाली होती. परंतु ती राज्य सरकार करते आणि असा वकीलही राज्याच्याच वतीने काम करतो. पीडितांचा वकील वकीलपत्रावर नेमलेला असतो आणि तो फक्त आपल्या पक्षकाराला उत्तरदायी असतो. दोघांची गल्लत झाली की कुटुंबाच्या अपेक्षा चुकीच्या माणसाकडे वळतात.

न्यायालयात बोलता येत नसेल, तर उपयोग कुठे होतो?

सर्वाधिक उपयोग खटला उभा राहण्यापूर्वी होतो. फिर्याद नोंदवताना घाबरलेली, दु:खात असलेली व्यक्ती सांगते ते सगळे कागदावर येतेच असे नाही. पोलिसांनी तपासात घेतलेल्या जबाबावर साक्षीदाराची सही घ्यायची नाही, असे कायदाच सांगतो. त्यामुळे लिहिले काय गेले, हे अनेकांना थेट न्यायालयात कळते. उलटतपासात बचाव पक्षाचा वकील नेमके तेच पकडतो. मग साक्षीदाराच्या नावे एक ठरावीक वाक्य नोंदले जाते, ‘हा मजकूर पोलिसांच्या जबाबात का नमूद नाही, याचे कारण मी सांगू शकत नाही.’ सत्र न्यायालयांतील साक्षी चाळल्या, तर हे वाक्य वारंवार दिसते. एका राहून गेलेल्या तपशिलावरून पुढे संपूर्ण साक्षीच्या विश्वासार्हतेवर प्रश्न उभा राहतो.

म्हणून फिर्याद वाचून पाहणे, तिची प्रत घेणे, काही राहिले असेल तर पुरवणी जबाबाची मागणी करणे आणि गंभीर गुन्ह्यांत न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर कलम १८३खाली जबाब नोंदवला जातो आहे ना, हे पाहणे ही वकिलाची पहिली कामे. फिर्यादीची प्रत विनामूल्य मिळते. गुन्हा कोठेही घडला असला, तरी कोणत्याही पोलीस ठाण्यात ‘झिरो एफआयआर’ नोंदवता येतो. तपासाची प्रगती ९० दिवसांच्या आत फिर्यादी किंवा पीडित व्यक्तीला कळवणे पोलिसांवर बंधनकारक आहे. दोषारोपपत्राची प्रत आता पीडित व्यक्तीलाही मिळते. पण बीएनएसएसच्या कलम २३०नुसार त्या व्यक्तीने वकील नेमला असेल तरच. वकील सोबत असणे आणि नसणे यांतील फरक कायद्यानेच येथे अधोरेखित केला आहे.

जामिनाच्या सुनावणीत पीडितांना स्थान आहे का?

आहे. लखीमपूर खेरी प्रकरणात १८ एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आरोपीचा जामीन रद्द केला. पीडितांना तपासाच्या टप्प्यापासून अपिलापर्यंत प्रत्येक पायरीवर म्हणणे मांडण्याचा अधिकार आहे, असे त्या निकालात म्हटले आहे. अनुसूचित जाती व जमाती (अत्याचार प्रतिबंध) कायद्यात २०१६पासून लागू असलेल्या कलम १५अ नुसार जामिनासह प्रत्येक कार्यवाहीची वेळेवर सूचना मिळणे आणि म्हणणे ऐकले जाणे हा पीडितांचा हक्क आहे. ही तरतूद बंधनकारक असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०२१मध्ये स्पष्ट केले. अल्पवयीन मुलींवरील बलात्काराच्या आणि सामूहिक बलात्काराच्या ठरावीक प्रकरणांत जामीन अर्जाच्या सुनावणीवेळी फिर्यादी किंवा तिने अधिकृत केलेली व्यक्ती हजर असणे आवश्यक आहे.

जामीन हा आरोपीचाही महत्त्वाचा हक्क आहे. त्याला सरसकट विरोध करणे हे वकिलाचे काम नव्हे. पण आरोपी शेजारच्याच घरात राहतो, त्याचे नातेवाईक घरी येऊन तडजोडीसाठी दबाव आणत आहेत, अशी माहिती पोलिसांच्या अहवालात नसते. ती न्यायालयापुढे आली, तर गावात प्रवेश न करण्याची किंवा साक्षीदारांशी संपर्क न साधण्याची अट घातली जाऊ शकते. अट मोडली तर जामीन रद्द करण्यासाठी अर्ज करता येतो. खोटी साक्ष देण्यासाठी धमकावणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २३२नुसार स्वतंत्र गुन्हा असून त्यासाठी सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते.

साक्षीची तयारी आणि साक्षीदार पढवणे यांत फरक काय?

या कामातील सर्वात नाजूक सीमारेषा हीच. घटनेनंतर तीन-चार वर्षांनी साक्ष देणाऱ्या व्यक्तीला तिचा आधीचा जबाब वाचायला देणे, न्यायाधीश, सरकारी वकील व आरोपी कुठे असतात हे सांगणे, सरतपास आणि उलटतपास म्हणजे काय हे समजावणे, ही तयारी झाली. प्रश्न समजला नाही तर पुन्हा विचारायला सांगावे, आठवत नसेल तर ‘आठवत नाही’ म्हणावे, चिडू नये, अंदाजाने वेळ किंवा अंतर सांगू नये, हे सांगण्यातही गैर काही नाही.

उत्तर काय द्यायचे हे सांगितले, की ते पढवणे ठरते. ‘तुमच्या वकिलांनी सांगितले म्हणून तुम्ही हे बोलत आहात का?’ हा उलटतपासातील नेहमीचा प्रश्न असतो. वकिलाने मर्यादा ओलांडली असेल, तर साक्षीदार येथे अडखळतो आणि खरी घटनाही खोटी वाटू लागते. अनुभवी वकील साक्षीदाराला म्हणूनच आधी सांगून ठेवतात, की आपण भेटलो, जबाब वाचला, हे विचारले तर लपवायचे नाही.

साक्षीदार फितूर का होतात?

पैसा आणि धमकी ही दोन कारणे सर्वांना ठाऊक असतात. वडोदऱ्यातील बेस्ट बेकरी जळीतकांडात १४ जणांचा मृत्यू झाला. महत्त्वाचे साक्षीदार उलटल्यानंतर जून २००३मध्ये तेथील न्यायालयाने सर्व २१ आरोपींना निर्दोष सोडले. एप्रिल २००४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फेरखटला महाराष्ट्रात चालवण्याचा आदेश दिला. फेब्रुवारी २००६मध्ये मुंबईतील न्यायालयाने नऊ जणांना जन्मठेप सुनावली. त्यांपैकी चौघांची शिक्षा २०१२मध्ये मुंबई उच्च न्यायालयात कायम राहिली आणि पाच जण सुटले. दरम्यान, जबाब फिरवल्याबद्दल प्रमुख साक्षीदाराला न्यायालयाच्या अवमानासाठी एक वर्षाचा कारावास झाला. साक्षीदार उलटला तर खटला तर कोसळतोच. पण साक्षीदाराचेही पुढे काय होऊ शकते, हे या प्रकरणाने दाखवले.

मात्र, फितुरीचे तिसरे कारण कमी बोलले जाते, ते म्हणजे थकवा. समन्स आले, की शेतमजूर किंवा रोजंदारीवरील माणूस दिवसाची मजुरी बुडवून, सकाळची एसटी पकडून जिल्ह्याच्या ठिकाणी येतो. व्हरांड्यात आरोपीचे नातेवाईक शेजारीच उभे असतात. दुपारी कळते, आरोपीचा वकील आला नाही, पुढची तारीख पडली. असे चार-पाच वेळा झाले, की साक्षीदाराला खटला मिटलेलाच बरा वाटू लागतो. साक्षीदारांची ही फरफट सर्वोच्च न्यायालयाने २०००मधील ‘स्वर्णसिंग’ प्रकरणात परखडपणे नोंदवली होती. सरतपास व उलटतपास शक्यतो एकाच दिवशी व्हावा, असे २०१५मध्ये ‘विनोद कुमार’ प्रकरणात बजावले. नव्या संहितेत अपरिहार्य कारण असले, तरी दोनपेक्षा अधिक तहकुबी देऊ नयेत, अशी तरतूद आहे.

येथे वकिलाचे काम अगदी साधे असते. आदल्या दिवशी प्रकरण बोर्डावर आहे का, न्यायाधीश रजेवर नाहीत ना, हे पाहून साक्षीदाराला कळवणे. साक्षीदार हजर आहे याची नोंद रोजनाम्यात करून घेणे. तहकुबीच्या अर्जाला सरकारी वकिलामार्फत हरकत नोंदवणे. प्रवासखर्चाचा साक्षीदार भत्ता मिळवून देणे. यातील एकाही गोष्टीसाठी न्यायालयात युक्तिवाद करावा लागत नाही.

संरक्षण कसे मागायचे?

आसाराम प्रकरणातील साक्षीदारांवर हल्ले झाल्यानंतर दाखल झालेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ५ डिसेंबर २०१८ रोजी साक्षीदार संरक्षण योजना २०१८ मंजूर केली आणि संसदेचा कायदा होईपर्यंत ती देशभर लागू केली. महाराष्ट्राने त्याआधीच २०१७मध्ये साक्षीदार संरक्षण व सुरक्षेचा स्वतंत्र कायदा संमत केला होता. आता बीएनएसएसच्या कलम ३९८नुसार प्रत्येक राज्याने अशी योजना अधिसूचित करणे आवश्यक आहे.

२०१८च्या योजनेनुसार जिल्हा व सत्र न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालील समिती निर्णय घेते. जिल्हा पोलीसप्रमुख तिचे सदस्य आणि जिल्ह्यातील अभियोग विभागाचे प्रमुख सदस्य सचिव असतात. अर्ज आल्यावर उपअधीक्षक किंवा सहायक आयुक्त दर्जाच्या अधिकाऱ्याकडून धोक्याचा अहवाल मागवला जातो आणि तो पाच कामकाजाच्या दिवसांत द्यायचा असतो. धोका तातडीचा असेल, तर समिती अंतरिम संरक्षण देऊ शकते. धोक्याचे तीन वर्ग आहेत : जिवाला धोका, सुरक्षितता, प्रतिष्ठा किंवा मालमत्तेला धोका, आणि मध्यम स्वरूपाचा त्रास वा धमकावणी. त्यानुसार घराभोवती गस्त, सीसीटीव्ही, दूरध्वनी क्रमांक बदलणे, न्यायालयात ने-आण करण्यासाठी वाहन, आरोपीशी समोरासमोर गाठ पडू न देणे, तात्पुरते स्थलांतर, ओळख गुप्त ठेवणे असे उपाय करता येतात. संरक्षण एका वेळी कमाल तीन महिन्यांसाठी मिळते. त्यामुळे मुदत संपण्यापूर्वी पुन्हा अर्ज करणे वकिलाने लक्षात ठेवावे लागते.

‘आम्हाला भीती वाटते’ एवढ्या अर्जाने फारसे काही होत नाही. धमकी कधी, कोणी, कोणत्या शब्दांत दिली, कोणत्या क्रमांकावरून फोन आला, ते कोणी ऐकले, पोलीस ठाण्यात तक्रार दिली का, हा तपशील अर्जात लागतो. तो वेळच्या वेळी लिहून ठेवायला सांगणे हा या कामाचा मोठा भाग आहे.

मुले आणि असुरक्षित साक्षीदारांसाठी काय सोय आहे?

पोक्सो कायद्यानुसार बालकाला वकील थेट प्रश्न विचारू शकत नाहीत. प्रश्न न्यायालयाकडे द्यायचे आणि न्यायाधीशांनी ते विचारायचे, अशी पद्धत आहे. बालकाची आरोपीशी समोरासमोर गाठ पडू नये, त्याला वारंवार साक्षीसाठी बोलावू नये, याची जबाबदारी न्यायालयावर आहे. कलम ४०नुसार बालकाच्या कुटुंबाला आपल्या पसंतीचा वकील नेमता येतो. ऐपत नसेल, तर विधी सेवा प्राधिकरणाने तो द्यायचा असतो. शिवाय बालकल्याण समिती सहायक व्यक्ती नेमते. समाजकार्य किंवा मानसशास्त्राची पार्श्वभूमी असलेली ही व्यक्ती तपासापासून साक्षीपर्यंत बालकासोबत राहते.

महाराष्ट्रातून गेलेल्या दोन प्रकरणांनी या सोयी देशभर विस्तारल्या. ‘महाराष्ट्र राज्य विरुद्ध बंडू’ या २०१७च्या निकालात प्रत्येक उच्च न्यायालयाच्या क्षेत्रात किमान दोन विशेष साक्ष केंद्रे उभारण्याचे निर्देश देण्यात आले. ‘स्मृती बडदे विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या प्रकरणात जानेवारी २०२२मध्ये असुरक्षित साक्षीदाराची व्याख्या व्यापक करण्यात आली. लैंगिक अत्याचाराचे वय व लिंगनिरपेक्ष पीडित, मनोरुग्ण, वाचा किंवा श्रवणदोष असलेल्या व्यक्ती आणि धोका असलेले साक्षीदार यांचा तिच्यात समावेश झाला. मात्र, ही सोय आपोआप मिळेल असे गृहीत धरता येत नाही. साक्षीच्या तारखेपूर्वी तसा अर्ज देऊन ठेवणे सुरक्षित.

भरपाई मिळण्यासाठी निकालाची वाट पाहावी लागते का?

नाही. कलम ३९६नुसार आरोपी सापडला नसला, तरी पीडित व्यक्ती जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करू शकते. चौकशी दोन महिन्यांत पूर्ण करायची असते आणि तातडीची मदतही देता येते. आरोपी निर्दोष सुटला, तरी पुनर्वसनाची गरज असेल तर न्यायालय भरपाईची शिफारस करू शकते. महाराष्ट्रात बलात्कार, बालकांवरील लैंगिक अत्याचार आणि ॲसिड हल्ला यांतील पीडितांसाठी २०१३पासून ‘मनोधैर्य’ योजना आहे आणि तिच्यात कमाल १० लाख रुपयांपर्यंत मदतीची तरतूद आहे. राज्यातीलच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४मध्ये, विशेषत: मुले व महिलांवरील लैंगिक अत्याचाराच्या खटल्यांचा निकाल देताना सत्र न्यायालयांनी पीडितांच्या भरपाईचा आदेश द्यावा, असे निर्देश दिले. भरपाई मागितली म्हणजे ‘पैशासाठी तक्रार केली’ असा आरोप उलटतपासात होतो, या भीतीने अनेक कुटुंबे अर्जच करत नाहीत. ती रक्कम आरोपीकडून नव्हे, तर राज्याच्या योजनेतून येते, हे त्यांना समजावणे वकिलाचे काम आहे.

निकाल विरोधात गेला तर?

निर्दोष सुटका, कमी गंभीर गुन्ह्याखाली दोषसिद्धी किंवा अपुरी भरपाई या तीन कारणांसाठी पीडित व्यक्ती कलम ४१३नुसार अपील करू शकते. त्यासाठी न्यायालयाची विशेष परवानगी लागत नाही, हे ‘मल्लिकार्जुन कोडगली’ या ऑक्टोबर २०१८च्या निकालाने स्पष्ट केले. केवळ शिक्षा कमी झाली म्हणून मात्र या कलमाखाली अपील करता येत नाही. खटल्यात लेखी युक्तिवाद आणि हरकती नोंदवून ठेवण्याचे महत्त्व येथे कळते. सत्र न्यायालयात जे कागदावर आले, त्याच आधारावर उच्च न्यायालयात अपील उभे राहते.

हे काम कोण करते, फी कोण देते?

ऐपत असलेली कुटुंबे खासगी वकील नेमतात. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७नुसार महिला, बालके, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती आणि अपंग यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. इतरांना उत्पन्नमर्यादा लागू होते. तालुका विधी सेवा समिती, जिल्हा प्राधिकरण किंवा १५१०० ही हेल्पलाइन येथे संपर्क साधता येतो. बलात्कार पीडितांना पोलीस ठाण्यापासून वकिलाची मदत मिळावी, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९४मध्येच म्हटले होते.

परंतु या कामातील बराच भाग वकिलीच्या पलीकडचा आहे. अमेरिका व ब्रिटनमध्ये वकील नसलेले प्रशिक्षित कार्यकर्ते पीडितांसोबत राहतात. अमेरिकेत १९८४च्या कायद्याने त्यासाठी निधी उभारला गेला आणि तो मुख्यत: गुन्हेगारांकडून वसूल केलेल्या दंडातून भरतो. महाराष्ट्रात याच स्वरूपाचे काम टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४मध्ये मुंबई पोलिसांसोबत सुरू केलेला महिला व मुलांसाठीचा विशेष कक्ष, फ्लेव्हिया ॲग्नेस यांची ‘मजलिस’ आणि २०१५पासूनची ‘सखी’ केंद्रे करत आली आहेत.

उणीव कुठे आहे?

अधिकारांची यादी मोठी आहे. पण त्यातील बहुतेक अधिकार ‘अर्ज केल्यास’ मिळतात. संरक्षण, पडदा, वकील, भरपाई, दोषारोपपत्राची प्रत यांसाठी कोणीतरी वेळेत कागद द्यावा लागतो. आरोपीला वकील नसेल, तर न्यायालय त्याला तो मिळवून देते, कारण वकिलाशिवाय खटला पुढे जाऊ शकत नाही. पीडितांना वकील नसला, तरी खटला चालूच राहतो. त्यामुळे वकील नसल्याचे कोणाच्या लक्षातही येत नाही आणि ते कळते ते उलटतपासात किंवा निकालाच्या दिवशी. फिर्याद नोंदवतानाच विधी सेवा प्राधिकरणाचा वकील मिळू शकतो, एवढी माहिती पोलीस ठाण्यात दिली गेली, तरी बऱ्याच साक्षीदारांना न्यायालयाच्या व्हरांड्यात एकटे बसावे लागणार नाही.